थोड्या पैशांतला परग्रह : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

विज्ञानपटाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी पैशाचं बोललं जातं. अंतराळयान परवडणार नाही, परग्रह उभा करायचा तर परदेशी स्टुडिओच हवा, असं म्हणून विषय मिटतो. या समजुतीला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारनं फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवलं आहे. गावाला लागूनच सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, उल्केच्या आघातानं झालेलं, आणि तेही दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये. चंद्राचे काळसर सपाट भाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच. त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. मेहकरहून एसटीनं जाता येईल अशा जागी एवढी परग्रहासारखी जमीन असताना आपण तिच्याकडे निव्वळ सहलीचं ठिकाण म्हणून पाहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कमी खर्चाचे विज्ञानपट कसे बनतात, हा या अभ्यासाचा विषय. जगात अशा चित्रपटांना ‘बी मूव्ही’ म्हणतात. त्यामागचा व्यवहार समजून घेतला की पुढचं बरंच उलगडतं. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटाच्या निर्मात्याला गल्ल्यातला हिस्सा मिळे, दुसऱ्याला बहुधा ठरलेलं भाडं. मिळकत आधीच ठरल्यावर खर्चही आधीच ठरतो. म्हणून हे चित्रपट लांबीला आखूड, थोड्या दिवसांत उरकलेले, दुसऱ्याच्या सेटवर उभे राहिलेले. रॉजर कॉर्मन यांनी ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं (१९६०) मुख्य चित्रीकरण उरलेल्या सेटवर दोन दिवसांत आटोपलं होतं. पुढे जॉन कार्पेंटर यांच्या ‘डार्क स्टार’मध्ये (१९७४) परग्रहावरचा प्राणी म्हणून समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगवलेला चेंडू आला, आणि लोकांनी तो स्वीकारलाही.

आपल्याकडे ही परंपरा त्या वाटेनं आली नाही. तिचं मूळ शोधायला मी दादासाहेब फाळक्यांपाशी जातो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी एका कुंडीत बी पेरलं आणि कॅमेरा एका जागी ठेवून रोपट्याची वाढ थोडी थोडी टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात घडली. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, अशी ‘राजा हरिश्चंद्र’ची हकीकत आहे. या ‘अंकुराच्या वाढी’त विज्ञान आहे, चमत्कार आहे आणि खर्च जवळपास नाही. काळ आवळून दाखवण्याची ही युक्ती आजही कोणाच्याही मोबाइलमध्ये आहे. मराठी विज्ञानपटाचा इतिहास लिहायचा तर त्याचं पहिलं पान या कुंडीचं असावं, असं माझं मत आहे.

फाळके नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला यंत्रमागांचं मालेगाव आहे. बुलढाण्याहून जळगाव ओलांडलं की तिथं पोचता येतं. या क्षेत्रातलं आपलं सर्वांत मोलाचं उदाहरण इथलं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी सुमारे पन्नास हजारांत ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात घोड्यांच्या जागी सायकली होत्या. मग त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. तो कसा घडला ते फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात दिसतं. नवख्या अभ्यासकानं सुरुवात तिथूनच करावी. यंत्रमागावर काम करणारे, अंगानं किडकिडीत शफीक शेख सुपरमॅन झाले. उडण्याची दृश्यं हिरव्या कापडापुढे चित्रित झाली. ऐन चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, काम खोळंबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

हा माहितीपट गंमत म्हणून पाहिला तर अर्धाच कळतो. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, आणि सिनेमा बघण्याचा दिवसही तोच. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसांनी आपल्यासारख्याच एकाला आकाशात उडवलं. परग्रहाहून आलेला हा महाबली मालेगावच्या धुळीनं आणि घाणीनं बेजार होतो. विज्ञानकथेचं खरं काम इथं झालं आहे. बाहेरून आलेल्याच्या नजरेनं स्वतःचं गाव पाहायचं, आणि त्या गावानं माणसांच्या छातीचं काय केलं आहे ते दाखवायचं. महागड्या चित्रपटात उडणारा माणूस खरा वाटावा म्हणून सगळी शक्ती खर्च होते. इथं तो खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे लक्ष गावाकडे राहतं. म्हणून मी म्हणतो, जोड दिसणं हा या चित्रपटांचा दोष मानू नये. कोणी, कशापासून, काय कल्पिलं ते त्या जोडांतच वाचता येतं. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२४) याच मंडळींवर आहे. तो चांगला आहे, पण त्याचे जोड दिसत नाहीत. अभ्यासासाठी आधी माहितीपटच पाहावा.

आता पुन्हा लोणारकडे येतो, कारण जागा स्वतःच कथा कशी देते ते इथं शिकता येतं. लवणासुराला विष्णूनं मारलं, ही इथली जुनी कथा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचं समजलं जात होतं. आघातानं निर्माण होणारी मॅस्केलिनाइटसारखी काच इथं सापडली, आणि १९७० च्या दशकात उल्केचा निर्वाळा मिळाला. जून २०२० मध्ये सरोवराचं खारं, अल्कधर्मी पाणी गुलाबी झालं. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. दैत्य, ज्वालामुखी, उल्का आणि एका रात्रीत रंग बदलल्यासारखं पाणी, हे सगळं एकाच जागी आहे. पटकथाकाराला आणखी काय हवं? मात्र विवराचा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं तिकाटणंसुद्धा रोवू नये. प्राचीन देवळांवर दिवे टांगून परग्रह उभा करणाऱ्याबद्दल मला आदर वाटणार नाही.

तंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. गॅरेथ एडवर्ड्स यांनी ‘मॉन्स्टर्स’मध्ये (२०१०) मोजकी माणसं घेऊन खऱ्या जागी चित्रीकरण केलं, भेटतील त्या स्थानिकांना भूमिका दिल्या आणि दृश्यपरिणाम स्वतः संगणकावर केले. ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. पैसे कमी असतील तर आधी आवाजावर खर्च करावा. चित्रातला कच्चेपणा प्रेक्षक माफ करतो, न ऐकू येणारा संवाद माफ करत नाही. आणि बुलढाण्यातली पात्रं वऱ्हाडीतच बोलू द्यावीत. प्रमाण मराठीत डब केलं की गाव पडद्यावरून पुसलं जातं.

कल्पनांची वाण तर मुळीच नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तेव्हापासून लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठीत विज्ञानकथेचं मोठं भांडार उभं केलं आहे. त्यातल्या किती कथा एका खोलीत, दोन-तीन माणसांत घडू शकतात ते वाचताना पाहा. शेन कॅरुथ यांचा ‘प्रायमर’ (२००४) सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. त्यातलं कालयंत्र एका गॅरेजमध्ये बनतं, आणि प्रेक्षकाला गुंतवून ठेवतो तो त्याचा काटेकोर नियम.

या क्षेत्रात सर्वांत तातडीचं काम नोंदींचं आहे. व्हिडिओ कॅसेट बुरशीनं जातात, सीडी चरे पडून वाचेनाशा होतात. माणसंही राहत नाहीत; मालेगावचे शफीक शेख २०११ मध्ये कर्करोगानं गेले. तुमच्या तालुक्यात कोणी असा चित्रपट केला असेल तर आज त्यांच्याकडे जा. हिरवं कापड कुठून आणलं, किती मीटर लागलं, दिवे कोणाच्या मांडवाचे होते, वीज गेल्यावर काय केलं, कामाची सुट्टी कशी मिळवली, पहिला खेळ कुठं लावला आणि कोण कोण आलं, हे सगळं विचारा, आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.