धूसर झालेली पाटी

पूर्वी फोटोची मागची बाजू धूसर करायची तर कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर मोठे ठेवावे लागे. कोण किती पुसट, हे अंतर ठरवी. १९९० साली फोटोशॉप आले. २००३ च्या आवृत्तीत ‘लेन्स ब्लर’ आले. राखाडी छटांनी जवळ-दूर दाखवले की संगणक भिंगाची नक्कल करी. २०१६ साली आयफोन ७ प्लस दोन भिंगांच्या मदतीने स्वतःच अंतर ताडू लागला.

मीही आजोबांच्या जुन्या फोटोवर तो प्रयोग केला. आजोबा छान उठून दिसले. मागची दुकानाची मराठी-कानडी पाटी मात्र विरून गेली. नातीने विचारले, “हे गाव कुठलं, आजोबा?”

ती पाटी भिंगाने नव्हे, मीच पुसली होती. आता मूळ फोटोच भिंतीवर आहे.