आडनाव सांगा, पाणी घ्या

समजा, ताम्हिणी घाट उतरून तुम्ही महाडात पोचता तो दिवस रविवार आहे : 20 मार्च 1927. तोंडाला कोरड पडली आहे. बाजारपेठेत तुम्ही पाणी मागता. दुकानदार आधी आडनाव विचारतो. ते ऐकून मगच तांब्या पुढे करतो. गावात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेला एक म्हातारा त्याच दुकानावरून न थांबता पुढे जातो. परिषदेच्या मांडवातल्या लोकांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं आहे.

तुम्हाला पाणी मिळालं, म्हणजे तुमची गणती सवर्णांत झाली. आता जरा कान देऊन ऐका, या सवर्णांचंही आपसात जमत नाही.

मांडवात डॉ. आंबेडकर अध्यक्ष आहेत. सवर्णांनी काय करावं, याचा ठराव येतो आणि पुरुषोत्तम जोशी व गोविंद धारिया हे दोन स्पृश्य वक्ते त्याला पाठिंबा देतात. सगळी कलमं मान्य, फक्त आंतरजातीय विवाहाचं सोडून. तुमच्या बाजूला बसलेला गृहस्थ सुटकेचा श्वास टाकतो.

मग अनंतराव चित्रे उठतात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच मंजूर झाला आहे. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये गावातलं चवदार तळं खुलं केलं आहे. मग आत्ताच तळ्यावर जाऊ या, असं चित्रे म्हणतात. जातीने ते कायस्थ. तुम्ही मिरवणुकीमागून चालू लागता. आंबेडकर ओंजळीने पाणी पितात, त्यांच्यामागून हजारो हात पाण्यात जातात. गुरांना, परधर्मीयांना या तळ्यावर कधी मज्जाव नव्हता.

दोनेक तासांत आवई उठते : आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. सकाळी मुकाट पाहणारे लोक लाठ्या घेऊन मांडवावर चालून येतात. जेवायला बसलेली माणसं मार खातात, काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळतो. पुढे गोमूत्र-शेण घातलेल्या पाण्याच्या 108 घागरींनी तळ्याची शुद्धी होते.

काही महिने पुढे सरका. 4 ऑगस्टला तीच नगरपालिका आपला ठराव मागे घेते. अमेरिकेत यादवी युद्धानंतर काळ्या लोकांना मिळालेला मताधिकार दक्षिणेतल्या राज्यांनी असाच हिरावून घेतला होता. पुण्याहून ब्राह्मणेतर पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर तळ्यासाठी पुन्हा होणाऱ्या सत्याग्रहाला पाठिंबा कळवतात, मात्र अट घालतात : त्यात ब्राह्मण नकोत. आंबेडकर अट झिडकारतात. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येकाला नाही.

डिसेंबरात सत्याग्रहाला महाडात जागा कुणी देईना. ती फत्तेखान नावाचे मुसलमान गृहस्थ देतात. 25 तारखेला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडायला उभे राहतात गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. ते ब्राह्मण. अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये असा कोर्टाचा मनाईहुकूम मिळवणारेही सवर्णच. गावात सहस्रबुद्ध्यांना काय म्हणत असतील, याचा अंदाज तुम्हाला दुकानांच्या फळ्यांवरून येतोच. तिथे चित्रे, सहस्रबुद्धे ही नावं शिवीसारखी उच्चारली जातात.

17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालय तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने देतं. दहा वर्षं लागली, पण तळ्याचा वाद कोर्टात नेता आला. जोशी-धारियांनी वगळलेलं कलम कोर्टात नेण्यासारखं नव्हतं. त्याचा निकाल अजून घराघरांत, मुला-मुलीचं स्थळ पाहताना लागतो, आणि तिथेही पहिला प्रश्न आडनावाचाच असतो. त्या वेळी उत्तर तुम्हाला द्यायचं असतं.