पॉवर प्लांटचं गरम पाणी जातं कुठे? दीपनगर ते तारापूर

मी जळगाव जिल्ह्यातला. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातल्या कूलिंग टॉवरवरचा पांढरा ढग दिसला की आमच्याकडे बरेच जण त्याला धूर म्हणतात. तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. हे पाणी लागतं कशाला आणि समुद्राचा त्याच्याशी काय संबंध? चला, समजून घेऊया.

पाणी कशाला लागतं?
कोळसा असो की अणुइंधन, वाफेवर टर्बाइन फिरतं. मग कंडेन्सरमध्ये त्या वाफेचं परत पाणी करावं लागतं. एकूण उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता हे थंड पाणी घेऊन जातं.

पद्धती दोन
१. कूलिंग टॉवर: तेच पाणी गार करून पुन्हा वापरतात. वाफ होऊन उडालेलं तेवढं भरून काढायचं. दीपनगरला ते तापीवरच्या हतनूर धरणातून मिळतं. २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे जास्तीत जास्त ३.५ लिटर पाणी वापरता येतं.
२. थेट समुद्र: पाणी घ्यायचं, एकदा फिरवायचं, गरम झालं की परत सोडायचं. तारापूरचं अणुवीज केंद्र (१९६९) अरबी समुद्राचं पाणी वापरतं. पाणी १० अंशांनी तापू दिलं तरी युनिटमागे शंभराहून जास्त लिटर फिरवावं लागतं.

जलचरांना त्रास कसा होतो?
• पाणी तापलं की ऑक्सिजन कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण ७.५. खाऱ्या पाण्यात आणखी कमी. उलट माशांची गरज मात्र वाढते.
• माशांची अंडी आणि बारीक पिल्लं पाण्याबरोबर आत ओढली जातात.
• पाइपात शिंपले चिकटू नयेत म्हणून क्लोरीन वापरतात. त्याचा अंश बाहेर जातो.
उथळ खाडीत गरम पाणी लवकर मिसळत नाही, म्हणून तिथे धोका जास्त.

मग बरं कोणतं?
सरळ उत्तर नाही. टॉवर समुद्राला वाचवतो, पण नदीचं पाणी उडवतो. हतनूरवर तर पिण्याचं पाणी आणि शेतीही अवलंबून आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळच्या शिवाजीनगरचा सौर प्रकल्प बघा: तिथे वाफच नाही, पाणी लागतं ते मुख्यतः पॅनल धुवायला.

आता तुमचा फोन. ५००० एमएएच बॅटरी एकदा फुल करायला साधारण चाळिसावा हिस्सा युनिट लागतं. म्हणजे टॉवरच्या केंद्रात कपभर पाणी वाफ होऊन जातं. समुद्रकाठच्या केंद्रात तीन-चार लिटर पाणी गरम होऊन समुद्रात परत जातं.