विज्ञान-तंत्रज्ञान स्पर्धा, शालेय (छत्रपती संभाजीनगर)

विद्यार्थ्यांनी केलेली उपकरणे, प्रकल्प व प्रयोगकौशल्य यांची पारख करणाऱ्या स्पर्धा. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील शाळा तालुका, जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा चढत्या पायऱ्यांनी त्यांत भाग घेतात.

प्रकार : विज्ञान प्रदर्शन हा सर्वांत रुळलेला प्रकार. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले गटाने स्थानिक प्रश्नाचा अभ्यास मांडतात. केंद्राच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड–मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा (१९८१ पासून) सहावी व नववीसाठी असून लेखी परीक्षेनंतर तीत प्रात्यक्षिक, कृतिप्रकल्प व मुलाखतही असते.

करिअरचा कल घडण्याची प्रक्रिया : टाकी भरताच वाजणारा बझर हे प्रदर्शनातील नेहमीचे उपकरण. पाणी दोन तारांना टेकले की ट्रान्झिस्टर चालू होऊन बझर वाजतो. परीक्षकासमोर तो वाजला नाही, तर मुलाला सेल, जोडणी, तारेवरचा गंज असे एकेक कारण तपासावे लागते. पाठ केलेली माहिती तेथे अपुरी पडते आणि दोष शोधण्याची गोडी लागते.

स्थानिक संदर्भ : या गोडीला शहर व परिसरातच पुढचा रस्ता आहे. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची पदविका करता येते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या परिसरातील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्रात खगोलाची आवड जोपासता येते.

परिणाम व मर्यादा : अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीची आवड हिशेबात धरूनही स्पर्धकांत विज्ञान-तंत्रज्ञानातील करिअरची ओढ अधिक आढळली. मात्र बाजारातून आणलेले किंवा पालकांनी करून दिलेले मॉडेल मांडणाऱ्याच्या वाट्याला दोष शोधण्याचा वरील अनुभव येत नाही. त्यामुळे करिअर निवडताना बक्षिसापेक्षा मुलाने स्वतः काय केले, याची चौकशी अधिक उपयोगी ठरते.