मद्रासच्या कायदेमंडळातील एक स्त्री

कायदे करणाऱ्या सभेत स्त्री येऊन बसली म्हणजे कायद्याचे स्वरूप बदलते काय? या प्रश्नाचा विचार करताना मद्रासचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची १९२६ साली मद्रास कायदेमंडळावर नेमणूक झाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदेमंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्या. सभेने त्यांना आपले उपाध्यक्षपदही दिले.

अल्पवयीन मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध सुधारकांनी पूर्वीही आवाज उठविला होता. परंतु मुथुलक्ष्मींच्या मातोश्री देवदासी समाजातीलच होत्या आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ शास्त्रार्थाचा नव्हता. १९२७ साली त्यांनी ही चाल बंद करण्याचा ठराव मांडला. चालीचे मूळ इनाम जमिनीत रुतले होते. मंदिराची सेवा सुटली की जमीनही जाणार, या भीतीने घरातील पुढची मुलगी देवाला वाहिली जाई. १९२९ साली मंदिरविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने नेमकी हीच गाठ सोडविली: सेवेचे बंधन संपले, जमीन मात्र त्या स्त्रियांकडेच राहिली.

तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. अनेक देवदासींनीच या सुधारणेला विरोध केला. आपली कला, आपला मालमत्तेचा हक्क आणि आपली प्रतिष्ठा धोक्यात येईल, असे त्यांनी अर्जांद्वारे सरकारला कळविले. सभागृहात त्यांच्यापैकी कोणीही नव्हते. एक स्त्री सर्व स्त्रियांच्या वतीने बोलू शकत नाही, हे येथे स्पष्ट झाले. उलट, त्याच १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा केंद्रीय कायदेमंडळात हरविलास सारडा या पुरुषानेच पुढाकार घेऊन संमत करविला.

गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मींनी १९३० साली राजीनामा दिला. मुली वाहण्यावर संपूर्ण बंदी घालणारा मद्रासचा कायदा त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४७ साली झाला. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याची तरतूद केली. मद्रासचा अनुभव असे सांगतो की, स्त्रीच्या उपस्थितीने दुर्लक्षित प्रश्न सभेपुढे येतो. परंतु त्याचे न्याय्य उत्तर मिळण्यासाठी ज्यांच्या जीवनाला तो कायदा स्पर्श करणार, त्यांनाही त्या सभेत स्थान असावे लागते.