काय विणायचं, कसं चालवायचं

सुरतेच्या यंत्रमागांवर लिंबायत, उधना भागातली खानदेशी कुटुंबं पिढीजात राबत आली आहेत. तिथल्या जॅकार्डच्या मागावर नक्षी असते पंचकार्डांच्या माळेत, नव्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर फाइलमध्ये. ताण्याचा रंग, इंचाला किती पिक (आडवे धागे), मागाचा वेग या गोष्टी मात्र त्या नक्षीत नसतात. माग सुरू करण्यापूर्वी त्या वेगळ्या ठरवाव्या लागतात.

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्या चालवणाराही हेच करतो. स्क्रिप्ट एकच, पण ती कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या सर्व्हरवर चालवायची, किती सेकंद थांबायचं, पहिल्याच चुकीला काम बंद करायचं की पुढे जायचं, हे तो बाहेरून सांगतो. या दोन कामांचं नातं रक्ताचं आहे.

किनखाब विणणाऱ्या जुन्या हातमागांवर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेली असे आणि मदतनीस ते दोरे ओढी. फ्रान्समध्ये बाझिल बुशोंनं १७२५ मध्ये छिद्रं पाडलेली कागदी पट्टी वापरली; १८०४ च्या सुमारास ल्योंच्या जोझेफ मारी जाकारनं कार्डांची माळ मागावर पक्की बसवली. नक्षी माणसाच्या हातातून सुटून स्वतंत्र वस्तू झाली.

पुढची उडी चार्ल्स बॅबेजची, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. १८३० च्या दशकात त्यानं आपल्या विश्लेषक यंत्रासाठी जाकारची कार्डं घेतली, पण त्यांचे प्रकार पाडले: कोणती क्रिया करायची याची कार्डं निराळी, कोणत्या राशींवर करायची याची निराळी. यंत्र पुरं झालं नाही, पण कृती आणि तिची परिस्थिती वेगळी लिहिण्याची कल्पना तिथे कागदावर उतरली.

ती रोजच्या कामात रुजली आयबीएमच्या यंत्रांवर. ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० जाहीर झाली आणि पुढे तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीसोबत जेसीएल ही कामं सांगण्याची भाषा आली. प्रोग्रामच्या गठ्ठ्याबरोबर आणखी काही कार्डं जात: कोणता प्रोग्राम चालवायचा, किती वेळ द्यायचा, कोणती टेप लावायची. प्रोग्रामात फाइलचं नुसतं टोपणनाव असे. त्यामागे खरी फाइल कोणती, ते कार्ड ठरवी. त्यामुळे तोच प्रोग्राम आधी चाचणीच्या माहितीवर आणि मग खऱ्या हिशेबावर चालवता येई, त्यातली एकही ओळ न बदलता. ओएस/३६० ची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे जेसीएलवर कडक टीका केली. ती खरी तर प्रोग्रामिंगची भाषा होती, पण घडवणाऱ्यांनी तिला तसं मानलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेकडो ओळींच्या आजच्या पर्याय-फायली पाहिल्या की ब्रुक्स अजून ऐकले गेले नाहीत असंच वाटतं.

कार्डं गेली, आज्ञेपुढे उणे चिन्ह लावून एक अक्षर लिहिण्याची युनिक्सची रीत आली. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ मध्ये लिहिलेल्या 'मेक'ला नुसत्या एका अक्षरानं सांगता येई की प्रत्यक्ष काही करू नकोस, काय करशील तेवढं दाखव.

चाचण्यांची साधनं या घरात उशिरा आली. केंट बेक आणि एरिक गामा यांचं जेयुनिट १९९७ चं. २००४ मध्ये आलेल्या सेड्रिक बूस्टच्या टेस्टएनजीनं कोणते गट घ्यायचे, किती चाचण्या समांतर चालवायच्या, हे वेगळ्या फाइलमध्ये लिहायला दिलं. त्याच वर्षी शिकागोत जेसन हगिन्सनं सेलेनियम सुरू केलं, आणि ब्राउझर, खिडकीचा आकार, वाट पाहण्याची मुदत अशा पर्यायांची भर पडत गेली.

पहिल्या चुकीला थांबण्याचा पर्यायही मागावर होताच. साकिची तोयोदांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. पण चाचणी फसली तर तीच पुन्हा चालवून पाहण्याच्या पर्यायाला मागाकडे पूर्वज नाही. तुटलेला धागा गाठ मारूनच पुढे न्यावा लागतो. नेटवर्क अडखळलं तर पुन्हा चालवणं रास्त असेलही, पण तिसऱ्या खेपेला उत्तीर्ण झालेली चाचणी अहवालात पहिल्या खेपेच्या चाचणीसारखीच हिरवी दिसता कामा नये. आधीच्या दोन फसलेल्या खेपा आणि त्या वेळचे पर्याय तिच्या शेजारी छापलेच पाहिजेत.