फ्लोराइड व दंतक्षय

फ्लोराइड हा फ्लोरिन या मूलद्रव्याचा ऋण आयन. खडकांतून तो भूजलात उतरतो आणि चहाच्या पानांतही साठतो. बहुतेकांची त्याच्याशी ओळख होते ती मात्र टूथपेस्टमधून.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा असतो. गोड खाल्ले की दातांवरच्या थरातील जिवाणू साखर आंबवून आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हळूहळू आम्लता घटवते आणि झिरपून गेलेली खनिजे परत बसवते. ही देवघेव दिवसभर चालू असते. घट भरून निघेनाशी झाली की दात किडतो.

फ्लोराइड नेमके इथे कामाला येते. स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून ते झीज मंदावते आणि खनिजे पुन्हा बसण्याचा वेग वाढवते. नव्याने बसलेला फ्लोराइडयुक्त थर मूळच्यापेक्षा चिवट असतो. शुद्ध फ्लोरअॅपेटाइट तर पीएच ४.५ च्या आसपास उतरेपर्यंत तग धरते. जिवाणूंच्या आम्लनिर्मितीलाही फ्लोराइडमुळे थोडी खीळ बसते. खड्डा पडल्यावर मात्र त्याचा इलाज चालत नाही. तिथे दंतवैद्यच लागतो.

गंमत अशी, की या रक्षकाचा शोध लागला तो दात बिघडवणारा म्हणून. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला, तेव्हा तिथल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हेही पुढे त्याच्या ध्यानात आले. कारण सापडायला १९३१ उजाडले. अॅल्युमिनियम कंपनीतील रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना डागाळ दातांच्या गावांतील पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले. डाग न पडता दात वाचतील असे प्रमाण ट्रेंडली डीन यांनी शोधले : लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम. त्यानुसार २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या नळपाण्यात फ्लोराइड मिसळले गेले. अकरा वर्षांनी, फ्लोराइड मिसळू लागल्यानंतर जन्मलेल्या मुलांतील दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले.

दात घडत असताना पोटात गेलेले फ्लोराइडच उपयोगी पडते, असा तेव्हा समज होता. आता मुख्य परिणाम दाताच्या पृष्ठभागावर होतो असे मानतात. म्हणून ब्रश केल्यावर फेस थुंकावा, पण खळखळून चूळ भरू नये. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंतच्यांना वाटाण्याएवढीच पेस्ट पुरे, कारण ती गिळली जाते.

भारतात प्रश्न बऱ्याच ठिकाणी उलटा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते. वर्षानुवर्षे असे पाणी पिऊन दात डागाळतात, हाडेही आखडतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. अशा गावांत आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि ते ट्यूबवर व खोक्यावर छापावे, असा भारतीय नियम आहे. अनेक ‘आयुर्वेदिक’ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, तेव्हा विकत घेताना ती बारीक अक्षरांतली ओळ वाचावी.